थोरल्याचा आवाज

त्याला गाडी चालवता येत नव्हती, आणि दर शनिवारी संध्याकाळी अख्खा देश त्याच्याच आवाजात गाड्यांची पारख ऐकायचा.

कार्यक्रम परदेशी होता. तीन मित्र, नव्याजुन्या गाड्या, अचाट पैजा आणि एकमेकांची मनसोक्त टिंगल. आपल्या भाषेत तो आणायचं ठरलं तेव्हा डबिंगच्या मंडळींनी त्या तिघांना घरगुती नावं पाडली: थोरला, मधला आणि धाकटा. थोरला म्हणजे ढेरपोट्या आणि तोंडाळ. एखादी गाडी नापसंत करायचा ती अशा तोऱ्यात, की जणू मुलीला आलेलं स्थळ नाकारतोय. त्या थोरल्याचा आवाज म्हणजे हा माणूस. अंगानं किरकोळ, चालताना भिंतीच्या कडेकडेनं जाणारा. इमारतीत त्याला सगळे 'आवाज'च म्हणत. 'आवाज आले का घरी?' असं शेजारीण त्याच्या बायकोला विचारायची, आणि त्यात काही गंमत आहे हे दोघींच्याही लक्षात यायचं बंद झालं होतं.

शाळेत असताना त्याचा आवाज फुटला तो असा, की गुरुजींनी फळ्याकडून वळून मागच्या बाकावर कुणाचे वडील येऊन बसलेत ते पाहिलं. पुढं त्यानं कापडदुकानाच्या सेलच्या घोषणा केल्या, एसटी स्टँडवर गाड्या पुकारल्या, आणि तिथंच एका ध्वनिमुद्रकाच्या कानावर पडून तो डबिंगला लागला. पहिली कित्येक वर्षं तो तिथं फक्त मेला. कधी गोळी लागून, कधी विष घेऊन, कधी घोड्यावरून पडून. मोठ्या नटांची भाषणं दुसरे म्हणायचे, याच्या वाट्याला 'आई गं' आणि 'सरदार, मला वाचवा'. सासुरवाडीत कुणी विचारलं, 'जावई काय करतात?' तर सासरे विषय बदलायचे. "आवाज काढतो म्हणून सांगू का लोकांना? आवाज तर काय, बिघडलेलं इंजिनपण काढतं," असं ते एकदा मुलीला म्हणाले होते.

सासऱ्यांनी आयुष्यभर लांब पल्ल्याचा ट्रक चालवला होता. सासूबाई गेल्यावर ते लेकीकडे राहायला आले, आणि नेमकं त्याच वर्षी जावयाच्या नशिबी थोरला आला. मग काय विचारता! म्हातारा टीव्हीसमोरच्या खुर्चीत पाय असे ठेवून बसायचा, की जणू खाली क्लच आणि ब्रेक आहेत. थोरल्यानं वळणावर गाडी जोरात घातली की याचा उजवा पाय फरशीवर दाबला जायचा. "मूर्खा, गिअर उतरव आधी," असं टीव्हीला सांगून झालं की मागं वळून जावयाला म्हणायचा, "तुला नाही रे, त्याला." बागेतल्या बाकावर बसणाऱ्या म्हाताऱ्यांना तो छाती पुढं काढून सांगायचा, "थोरला? तो आपला जावई." एकदा त्यानं जावयाला गाडी शिकवायचंही मनावर घेतलं. मोकळ्या मैदानात, मागून आणलेल्या गाडीवर. जावयानं मैदानातली एकुलती एक वस्तू, म्हणजे पाण्याची टाकी, शोधून काढून तिला धडक दिली. म्हातारा मैदानातच बसून हसला. डोळे पुसत म्हणाला, "जावईबापू, तुम्ही बोला. चालवायचं आम्ही बघू."

त्या दोघांचं असं छान जमलं होतं. जावई त्यांना मामा म्हणायचा, आणि शनिवार संध्याकाळची वाट दोघंही पाहायचे.

अशात बातमी आली, की त्या तिघांचा या वेळचा परदेश दौरा म्हणजे आपल्याच देशाचा. तिघं तीन जुनाट गाड्या घेऊन बंदरापासून निघणार आणि डोंगर ओलांडून पलीकडच्या मैदानात उतरणार. चित्रीकरण गुपचूप उरकलंही होतं. एकूण भाग दोन होते. पहिला भाग लागला त्या दिवशी लोकांना कोण आनंद झाला! बायको चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या कामाला होती. रविवारी सकाळी तिनं फोनवर प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया मोठ्यानं वाचून दाखवल्या. "'आपलं बंदर टीव्हीवर इतकं स्वच्छ कसं दिसलं, कुणी धुतलं?' हे ऐका, 'मधल्याच्या डोक्यामागं जो बोर्ड आहे ते माझ्या मेव्हण्याचं गॅरेज, कृपया सगळ्यांनी भेट द्या.' आणि हा कोण? 'धाकट्याच्या गाडीला आडवं गेलेलं कुत्रं आमचं आहे. ते तसं नाहीये, त्या दिवशी घाबरलं होतं.'"

म्हातारा हसून हसून खोकला. "त्या कुत्र्याला सांगा, थोरला आमच्या घरातला आहे. काही वाटून घेऊ नको म्हणावं."

दुसऱ्या भागाचं डबिंग तोवर होऊन गेलं होतं. ते कसं झालं हे आधी सांगायला हवं.

डबिंगची खोली म्हणजे एक बंद पेटी. भिंतींना जाड कापड, समोर छोटा पडदा, कानावर हेडफोन, आणि काचेपलीकडं ध्वनिमुद्रक आणि दिग्दर्शन करणाऱ्या बाई. या धंद्यात चित्र बघायचं नसतं, ओठ बघायचे असतात. समोरचा नट स्वर्गात उभा असो की स्मशानात, त्याचे ओठ उघडले की आपण सुरू व्हायचं आणि मिटले की थांबायचं. त्या दिवशी थोरला एका घाटातल्या वळणावर, दरीच्या कडेला उभा होता. घाटाचं नाव भाषांतरात नव्हतं, नुसतं 'डोंगरातला एक रस्ता' एवढंच होतं. लिहून आलेलं वाक्य असं होतं: 'मला सांगण्यात आलं आहे की या वळणावरून बऱ्याच गाड्या खाली गेल्या आणि परत आल्या नाहीत, तेव्हा मला वाटतं इथल्या लोकांच्या लेखी ही गाड्या लावून ठेवायची जागाच असावी.'

"त्याचं तोंड मिटतंय आणि तू बोलतोयसच," बाई काचेपलीकडून म्हणाल्या.

त्यानं भरभर म्हणून पाहिलं. मग ते थोरल्यासारखं वाटेना. अर्धं गाळलं तर अर्थ लागेना. बाई घड्याळाकडे पाहायला लागल्या. शेवटी चित्र पुन्हा सुरू झालं, थोरल्याचे ओठ उघडले, आणि याच्या तोंडून आपसूक निघून गेलं, "इथं दरीला पार्किंग म्हणतात."

ओठांवर वाक्य असं बसलं, की त्या माणसानं मूळचं तेच म्हटलं असावं. ध्वनिमुद्रक खो खो हसला. बाईंनी अंगठा वर केला. "हेच! पुढं चला."

तोही खूश झाला. खोटं कशाला बोला, घरी येताना बसमध्ये त्यानं ते वाक्य मनातल्या मनात दोनदा म्हणूनही पाहिलं.

शनिवारी दुसरा भाग लागला तेव्हा त्यांच्या छोट्या खोलीत शेजारची मंडळीही बसली होती. घाट सुरू झाला तसा म्हातारा खुर्चीत पुढं सरकला. त्याचे पाय हलायचे थांबले. "हा तर आपला..." एवढंच तो पुटपुटला. पडद्यावर थोरला गाडीतून उतरला, कमरेवर हात ठेवून खाली वाकला, आणि जावयाच्या आवाजात म्हणाला, "इथं दरीला पार्किंग म्हणतात."

खोलीत हशा उसळला. शेजारी हसले, शेजारीण हसली, बायकोही हसली. आणि मग कॅमेरा हळूच खाली आला. रस्त्याच्या कडेला ओळीनं दगड मांडलेले होते. गुडघ्याएवढे, काळे, त्यांवर पांढऱ्या रंगात नावं. काही ताजी, काही पुसट. डबिंगच्या खोलीत तो जे ओठ बघत होता त्यांच्या खाली हे सगळं होतं, आणि त्याला ते दिसलंच नव्हतं.

म्हातारा उठला. खुर्चीचा हात धरून दोन क्षण उभा राहिला आणि आतल्या खोलीत गेला.

बायकोचं हसू तोंडावरच राहिलं. तिला आत्ता उमगलं होतं. बाबांचा जोडीदार. दोन ड्रायव्हरच्या गाडीवरचा दुसरा ड्रायव्हर. ती त्याला काका म्हणायची. येताना दर खेपेला तो तिच्यासाठी काही ना काही आणायचा. ती लहान असताना तिला गोवर आला म्हणून बाबा एका खेपेला घरी राहिले, आणि काका एकटाच गाडी घेऊन गेला. घाटात धुकं होतं. बाबा त्यानंतर कित्येक दिवस बोलले नव्हते, एवढंच तिला आठवत होतं. घाटात गेलेल्यांच्या नावाचा दगड सोबतचे ड्रायव्हर मांडत. काकाच्या दगडावरची अक्षरं बाबांनी स्वतःच्या हातानं रंगवली होती.

शेजारी पांगल्यावर तो आत गेला. म्हातारा कॉटवर बसला होता.

"मामा..."

"हे तो बोलला, की तू?"

खरं तर 'तो बोलला' म्हणून सुटता आलं असतं. पण समोर बसलेल्या माणसाशी खोटं बोलायची त्याची छाती झाली नाही. "बोलला तोच. पण त्याचं वाक्य लांब होतं. ओठांवर बसेना. मग मी छाटलं."

"छाटलं," म्हातारा म्हणाला. "लांब असतं तर ऐकून सोडून दिलं असतं रे. ही परदेशी माणसं, त्यांना काय माहीत! पण हे आता डोक्यातून जायचं नाही. तू ते फार चांगलं केलंस."

त्याला शिव्या चालल्या असत्या. या 'चांगलं'चं काय करावं ते त्याला कळेना.

रविवार सकाळपर्यंत त्या वाक्याची चित्रफीत जिकडेतिकडे झाली. ज्या देशातून कार्यक्रम यायचा तिथं कुणाच्या कानावर काही गेलं नव्हतं. तिथं ते एक लांबलचक, पडेल वाक्य होतं, लोक ते विसरूनही गेले. आपल्याकडं मात्र ते चार शब्दांचं होतं. बायकोनं रविवारी सवयीनं वाचायला सुरुवात केली. "'माझा भाऊ त्या वळणावर गेला. थोरल्या, ये एकदा, तुला पार्किंग दाखवतो.' 'आमच्या मेलेल्यांवर हसायला यांना आवतण कुणी दिलं?' 'हसायला काय झालं, विनोद विनोदासारखा घ्या.' 'ज्याच्या घरचं कुणी गेलं नाही तोच असं बोलतो.' 'तो परदेशी आहे, त्याला माफ. पण आपल्या भाषेत हे म्हणणारा कोण? त्याला आईबाप नाहीत?'" इथं ती थांबली. मग फोन उलटा ठेवून तिनं भाजी चिरायला घेतली. त्यानंतर तिनं मोठ्यानं काही वाचलं नाही. मनात वाचायची, ते तिच्या भुवयांवरून दिसायचं.

एकदा तिनं न राहवून लिहिलं: 'मी त्या आवाजाची पत्नी. माझ्या नवऱ्यानं हे मुद्दाम केलेलं नाही.' तासाभरात तिच्या त्या दोन ओळींखाली एवढं काही गोळा झालं, की तिनं ते पुसून टाकलं आणि डोकं दुखतंय म्हणून पडून राहिली. तिच्यासाठी गोळी आणायला तो औषधाच्या दुकानात गेला. "डोकेदुखीवर काहीतरी द्या," एवढंच म्हणाला, तर रांगेत पुढं उभा असलेला माणूस गर्रकन वळला. "पार्किंगवाला!" रांगेतली निम्मी माणसं हसली, निम्मी गप्प झाली. जी गप्प झाली त्यांच्याकडं पाहवेना. गोळी न घेताच तो परत फिरला.

मग ड्रायव्हरांच्या संघटनेची माणसं स्टुडिओवर आली. त्याला वाटलं दगडफेक होईल. पण ती माणसं टोप्या हातात घेऊन शांत उभी होती. बाई म्हणाल्या, आत थांब. तो थांबला नाही, बाहेर गेला. त्यांच्यातला एक वयस्कर ड्रायव्हर पुढं आला. "साहेब, तो माणूस आम्हाला कुठं भेटणार? तुम्ही भेटलात. तर तुम्हालाच सांगतो. बरं नाही वाटलं."

"चुकलं माझं," तो म्हणाला. "मी ते दगड पाहिलेच नव्हते. मला माफ करा."

तो अगदी मनापासून बोलला होता. पण निघाला तो थोरल्याचा आवाज. तोच घुमारा, शेवटचा शब्द जरा ओढायची तीच ढब. इतक्या वर्षांत तो आवाज त्याच्या गळ्यात असा रुतून बसला होता, की दुसरा काढायचा म्हटला तरी सापडेना. मागं उभ्या असलेल्या तरुण ड्रायव्हरांत गलका झाला, "अरे, तोच! अजून टिंगल करतोय बघ!" वयस्कर माणसानं हात आडवा घातला म्हणून बरं. बाईंनी त्याला दंडाला धरून आत ओढलं.

दुसऱ्या दिवशी वाहिनीचे अधिकारी आले. अतिशय मऊ बोलणारे गृहस्थ. म्हणाले, "पुढच्या शनिवारी कार्यक्रमाआधी माफी लावायची आहे. तुम्ही म्हणायची."

"म्हणतो ना! मला तेच हवंय. माझं नाव सांगून म्हणतो."

"नाही, नाही. नाव कशाला? त्यांचा फोटो दाखवायचा आणि त्यावर तुमचा आवाज. म्हणजे थोरल्यांनीच मागितल्यासारखं."

"त्यांनी मागितलीय माफी?"

"मागतील. आम्ही कळवलंय तिकडं. तोवर तुम्ही मागून ठेवा."

तो बाईंकडे बघत राहिला. बाई टेबलावरच्या पेल्याकडे बघत होत्या. त्यांच्या हाताखाली दहाबारा माणसं होती, आणि काम सगळं त्या वाहिनीचंच होतं. तो पेटीत जाऊन उभा राहिला. या वेळी ओठ नव्हते, नुसता फोटो होता. वाक्यं हवी तेवढी लांब चालली असती. घाटात गेलेल्या प्रत्येकाच्या घरच्यांची त्यानं माफी मागितली, आणि मागताना त्याच्या डोळ्यांसमोर कॉटवर बसलेला म्हातारा होता. शेवटी आवाज जरा कापलाही. ध्वनिमुद्रक म्हणाला, "हे राहू दे, पुन्हा नको घ्यायला."

शनिवारी ती माफी लागली. म्हातारा खुर्चीत बसला होता. पडद्यावर थोरल्याचा हसरा फोटो, आणि जावयाचा गहिवरलेला गळा.

"हा कोण बोलतोय?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"मी," तो म्हणाला.

"मग फोटो त्याचा का?"

त्यानं उठून टीव्हीचा आवाज कमी केला.

देशातली माणसं मात्र विरघळली. बायकोनं त्या दिवशी कितीतरी दिवसांनी मोठ्यानं वाचलं, पण आवाज कोरडा. "'एवढा मोठा माणूस, पण मन केवढं!' 'माफी मागताना रडला हो, आमच्या आईनंसुद्धा डोळे पुसले.' 'थोरल्या, आम्ही तुला माफ केलं.'" मग जरा थांबून, "'ज्यानं चूक केली नाही त्यानं माफी मागितली. खरा दोषी आहे तो डबिंगवाला. तो अजून मोकळा कसा?'"

आठवड्याभरात बाईंचा फोन आला. बोलायच्या आधीच त्या रडत होत्या, त्यामुळं त्यालाच त्यांची समजूत काढावी लागली. थोरल्याला आता दुसरा आवाज द्यायचा, लोकांना शांत करायचं आहे, असं वरून आलं होतं. दुसरं काम मिळेल असं त्या म्हणाल्या. मिळालं नाही. कुठंही गेलं, दोन वाक्यं बोललं, की समोरचा ओशाळं हसायचा. "आवाज फारच ओळखीचा आहे हो." बायकोनं दुकानात जास्तीचं काम धरलं. संध्याकाळी तिच्या बोटांना काचेची बारीक पूड लागलेली असायची.

घरात भांडण असं नव्हतंच. भांडण असतं तर मिटवता आलं असतं. म्हातारा विचारलं तेवढं सांगायचा, वाढलं तेवढं जेवायचा. पण जावयानं स्वयंपाकघरातून नुसतं 'मामा, चहा ठेवलाय' म्हटलं, की त्याचे खांदे आखडायचे. हे जावयाच्या लक्षात आलं. त्यानं घरात बारीक आवाजात बोलायला सुरुवात केली, तर बायको म्हणाली, "अहो, घसा बसलाय का?" मग तो कामापुरतंच बोलायला लागला. नंतर तेही खुणांवर भागायला लागलं.

आणि एके दिवशी सकाळी म्हातारा बूट घालून दारात उभा. हातात पिशवी, तिच्यात पांढऱ्या रंगाचा छोटा डबा आणि ब्रश.

"घाटात जायचंय. अक्षरं पुसट झालीत. टीव्हीत दिसलं मला."

"मी येते," लेक म्हणाली.

"तुझं दुकान आहे. तो येईल." आणि जावयाकडे न पाहता, "तिथं बोलू नको कुणाशी. एवढंच."

बसमध्ये म्हातारा खिडकीशी बसला. चढ लागला तसं त्याला जरा चैतन्य आलं. "इथं एक पाण्याची टाकी होती. इंजिन तापलं की थांबायचो." थोड्या वेळानं, "इथं तो गाणं म्हणायचा. वाईट म्हणायचा. पण झोप यायची नाही." जावई मान हलवत होता. जोडीदाराबद्दल म्हातारा सलग एवढं कधी बोलला नव्हता, आणि ऐकणाऱ्याला 'मग?' एवढंही म्हणायची सोय नव्हती.

वळणाच्या अलीकडं बस थांबली. दोघं उतरले आणि उभेच राहिले.

एरवी तिथं ट्रक थांबायचे. आता रस्त्याच्या कडेला मोटारींची रांग होती. माणसं सहकुटुंब आली होती. चहाच्या टपरीवाल्यानं नवी पाटी लावली होती: 'दरी पार्किंग टी स्टॉल'. जो तो कमरेवर हात ठेवून, नव्या कठड्यावरून दरीत वाकून फोटो काढून घेत होता. आणि फोनमधून, एकामागून एक, कधी दोनतीन फोनांतून एकदम, त्याचाच आवाज येत होता. "इथं दरीला पार्किंग म्हणतात." लोक त्यावर नुसते ओठ हलवत होते. कुणाचे बसत होते, कुणाचे चुकत होते. चुकले की पुन्हा लावायचे.

म्हातारा त्या गर्दीतून वाट काढत दगडांपाशी गेला. ओळीत शोधत शोधत एका दगडाशी थांबला. त्यावर कुणीतरी बॅग ठेवली होती. गुलाबी, चाकांची. शेजारी तिघंचौघं तरुण माणसं फोटो पाहत होती.

म्हातारा खाली बसला. डबा उघडला. बॅगेकडे पाहिलं. मग मान वर करून जावयाकडं पाहिलं. कितीतरी दिवसांत त्यानं असं सरळ पाहिलं नव्हतं.

"सांग त्यांना. काढा म्हणावं."

जावई त्या मुलांकडं वळला. "जरा ही बॅग काढता का? हा दगड..."

एक मुलगी वळली आणि किंचाळलीच. "अय्या! तोच आवाज! तुम्हीच का ते?"

"ती बॅग..."

"अहो एकदा म्हणा ना! एकदाच! इथं उभं राहून!" फोन वर झाले. आजूबाजूची माणसंही गोळा झाली. कुणीतरी त्याला खांद्याला धरून दरीच्या बाजूला वळवलं.

"ऐका," तो म्हणाला, "इथं माणसं मेलीत."

सगळे हसले. त्यांचं तरी काय चुकलं? थोरला जसं म्हणेल तसंच ते झालं होतं. "यांतल्या एकाला आम्ही ओळखतो," तो म्हणाला, आणि ते पुन्हा हसले. त्याचे डोळे भरून आले ते कुणाला दिसलं असेलही, पण कान आधी पोचले होते. तो आणखी काही बोलायला गेला आणि त्याला कळून चुकलं, की आपण जेवढं बोलू तेवढं हे हसणार. त्यानं तोंड मिटलं. लोक वाट पाहत राहिले.

म्हातारा गुडघ्यावर हात टेकून उठला. त्यानं स्वतः ती बॅग उचलली, मुलीच्या हातात दिली. "धर, बाळ," एवढंच म्हणाला. मुलीनं दगडाकडं पाहिलं, ब्रशकडं पाहिलं. तिचा फोन खाली आला. ती 'सॉरी' म्हणाली की नाही, कुणास ठाऊक. तिच्या सोबत्यांनी तिला हाक मारली आणि ती गेली. गर्दी जराशी सरकली, पण चारपाच गाड्या आणखी आल्या आणि तिथली जागा भरून गेली.

म्हाताऱ्यानं पहिलं अक्षर रंगवायला घेतलं. हात थरथरत होता, रंग अक्षराबाहेर गेला. अंगठ्यानं पुसून त्यानं पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. मग ब्रश जावयापुढं धरला.

जावई मांडी घालून दगडासमोर बसला आणि पुसट अक्षरांवरून सावकाश ब्रश फिरवू लागला. त्याच्या पाठीमागं कुठल्याशा फोनमधून त्याचा आवाज येतच होता. प्रत्येक वेळी त्याचा हात क्षणभर थांबायचा. म्हातारा शेजारी उभा राहून, रस्त्याकडं तोंड करून, आपल्या अंगाची सावली दगडावर पाडत होता. नाव पुरं झालं तेव्हा त्यानं वाकून वाचलं आणि डब्याचं झाकण लावलं.

परतीच्या बसमध्ये म्हातारा लगेच झोपला. त्याचं डोकं प्रत्येक वळणावर खिडकीवर आपटत होतं. जावयानं मधे आपला हात धरला आणि घर येईपर्यंत तसाच ठेवला.

दार लेकीनं उघडलं. ती कामावरून लवकर आली होती. तिनं एकाकडून दुसऱ्याकडं पाहिलं. "काय झालं? गर्दी होती का? कुणी काही बोललं?"

म्हाताऱ्यानं बूट काढले, एकाला एक लावून ठेवले.

"रस्ता रुंद केलाय," तो म्हणाला. "वळणाला कठडा घातलाय आता. चांगला, मजबूत."

आणखी काही येईल म्हणून ती थांबली. मग तिनं नवऱ्याकडं पाहिलं. त्यानं मान हलवली आणि ब्रश धुवायला मोरीत गेला.